सॅराटोगाच्या डोंगरावरची माऊंट ईडन शार्डोने, कुणी प्यायलीय का? माहिती हवी

खाडीकाठी:

नमस्कार मंडळी. बे एरियात बरीच वर्षं झाली, तरी वाईन म्हटलं की पाहुण्यांना घेऊन नापाला जायचं एवढंच आमच्याकडे चालतं, आणि शार्डोने (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन) तर मी मागवतच नाही, कारण आजवर जी जी प्यायलो ती लोणी, व्हॅनिला आणि लाकूड अशीच लागली, दोन घोट बरे वाटतात आणि मग ग्लास संपवायचा कंटाळा येतो.

तर ऑफिसमधल्या एका सीनियरने रिटायर होताना आम्हाला घरी बोलावून माऊंट ईडन व्हिनयार्ड्सची इस्टेट शार्डोने (म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची) पाजली, चांगली दहा-एक वर्षं जुनी, आणि मला खरंच प्रश्न पडला की हे तेच द्राक्ष आहे का. लिंबाच्या सालीचा वास, थोडं भाजलेल्या हेझलनटसारखं काहीतरी, आणि शेवटी जिभेवर ओल्या दगडासारखी एक खारट धार, ती बराच वेळ राहिली. आंबटपणा होता पण टोचत नव्हता. तो म्हणाला की ही बाग इथून वीस मिनिटांवर सॅराटोगाच्या वरच्या डोंगरात आहे आणि तिची वंशावळ १८९६ पर्यंत मागे जाते.

आता मला दोन-चार गोष्टी विचारायच्यात. एक तर कॅलिफोर्निया एवढं उन्हाचं, मग याला कूल क्लायमेट का म्हणतात? ओकच्या बॅरलमध्ये ठेवूनही बटरसारखी का नाही लागत? तो १८९६ चा इतिहास खरा की नुसतं मार्केटिंग? आणि दिवाळीनंतर आईबाबा पुण्याहून येतायत, बाबा मासेखाऊ आहेत आणि वाईन आवडीने पितात, तर त्यांच्यासाठी एक आणून ठेवायचा विचार आहे, कशाबरोबर द्यावी? सविस्तर लिहिलंत तर बरं होईल, मला यातलं खरंच समजून घ्यायचंय.

डोंगरवाट:

धागा बघून फार आनंद झाला, कारण मी सॅराटोगात राहते आणि माझ्या मते आपल्या लोकांनी आईवडिलांना हाकोने गार्डन दाखवून परत फिरण्याआधी या डोंगराबद्दल थोडं तरी सांगायला हवं.

इतिहास खरा आहे. पॉल मॅसन नावाचा बरगंडीचा माणूस, जन्म १८५९ चा, १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात आला, सॅन होजेजवळच्या चार्ल्स लफ्राँकच्या वाईनरीत लागला आणि पुढे त्याच्याच मुलीशी लग्न केलं. खालच्या सपाट जमिनीवर द्राक्षं भरपूर यायची पण त्याला हवी तशी शॅम्पेन त्यातून होईना, म्हणून १८९६ मध्ये त्याने सॅराटोगाच्या वर डोंगरात जागा घेतली, तिचं नाव ला क्रेस्टा. उन्हाळ्यात आपण सगळे जिथे कॉन्सर्टला जातो ती माऊंटन वाईनरी म्हणजे हीच त्याची जागा. स्टेजमागे जुन्या चर्चसारखी दगडी कमान दिसते ना, ती १९०६ च्या भूकंपात पडलेल्या सॅन होजेच्या एका चर्चमधून आणलेली आहे. किती लोक तिथे फोटो काढतात पण या उतारांवर काय घडलं ते कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

मग आली दारूबंदी, १९२० ते १९३३. मॅसनला औषधी शॅम्पेन बनवायचा परवाना मिळाला म्हणून तो टिकला, आजूबाजूच्या कितीतरी बागा उखडल्या गेल्या. १९३६ मध्ये त्याने सगळं विकलं ते मार्टिन रे ला. हा रे सॅराटोगाकडचाच, लहानपणी मॅसनच्या बागेत हुंदडलेला, मोठेपणी शेअर ब्रोकर झालेला, आणि सगळं सोडून वाईनमध्ये उतरलेला. १९४१ मध्ये वाईनरीला आग लागली, तीही त्याने परत उभी केली, पण १९४३ मध्ये ती सीग्रॅम कंपनीला विकून टाकली आणि शेजारच्या डोंगरावर, सुमारे २००० फुटांवर, नव्याने बाग लावली. त्यासाठी कलमं आणली ती मॅसनच्या ला क्रेस्टामधून, पिनो न्वारची (हे रेड वाईनचं द्राक्ष) आणि शार्डोनेची. मॅसनने ती मुळात बरगंडीहून आणली होती अशी इथली परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. म्हणजे १८९६ हे साल ला क्रेस्टाचं, तिथल्या वेलींचा वंश शेजारच्या डोंगरावर गेला आणि आजची माऊंट ईडन त्यावर उभी आहे, तुमच्या सीनियरचं बरोबर आहे.

मार्टिन रे बद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या काळी अमेरिकेत बाटलीवर एका द्राक्षाचं नाव लिहायला त्या द्राक्षाचे फक्त ५१ टक्के असले तरी चालायचं, बाकी काहीही मिसळा. हा माणूस एकटा ओरडत राहिला की शार्डोने लिहिलंय तर आत शंभर टक्के शार्डोनेच पाहिजे. लोकांशी भांडला, दुखावलं, किंमतीही अशा लावल्या की लोक थक्क व्हायचे, पण मुद्दा त्याचाच खरा होता, आणि १९८३ पासून कायद्याने ती मर्यादा ७५ टक्क्यांवर नेली. ते बघायला तो नव्हता, १९७६ मध्येच गेला. त्याआधी भागीदारांशी वाद होऊन डोंगराचा मोठा भाग त्याच्या हातून गेला आणि त्या भागीदारांनी १९७२ मध्ये माऊंट ईडन व्हिनयार्ड्स हे नाव सुरू केलं. १९८१ मध्ये जेफ्री पॅटरसन तिथे असिस्टंट म्हणून आले, लवकरच वाईनमेकर झाले, आणि पत्नी एलीबरोबर दशकानुदशकं ही जागा त्यांनी सांभाळली. छोट्या वाईनरीत एकच हात इतका काळ राहणं ही मोठी गोष्ट आहे, दर चार वर्षांनी नवा वाईनमेकर आला की बागेची ओळख राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हवामानाचं कुणीतरी जाणकार लिहा, मी इतिहासवाली.

बॅरलवाला:

डोंगरवाट ताई, फारच सुंदर प्रतिसाद. मी सोनोमाला एका वाईनरीच्या सेलरमध्ये काम करतो त्यामुळे बटरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून.

द्राक्षाच्या रसात मॅलिक अ‍ॅसिड असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच. फर्मेंटेशन झाल्यावर एक प्रकारचे जिवाणू त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, जे आपल्या दह्यात असतं, म्हणून वाईन मऊ होते. हे होताना डायअसिटाइल नावाचा पदार्थ तयार होतो आणि लोण्याचा वास तो. म्हणजे तुम्हाला जे बटर लागतं ते ओकमुळे नाहीच, ओकमुळे येतो तो व्हॅनिला, लवंग, टोस्ट. बरेच लोक या दोन्हीची सरमिसळ करतात.

आता गंमत अशी की माऊंट ईडनच्या शार्डोनेतही हे रूपांतर पूर्ण होऊ देतात, आणि फर्मेंटेशनसुद्धा फ्रेंच ओकच्या बॅरलमध्येच करतात, त्यातली बरीच बॅरल नवीकोरी. कागदावर वाचलं तर हुबेहूब बटरवाल्या शार्डोनेचीच कृती वाटेल. फरक पडतो दोन ठिकाणी. पहिला, खाली बसलेला यीस्टचा गाळ, ज्याला आम्ही लीज म्हणतो, त्याच्यावर वाईन महिनोन्महिने ठेवली की ते यीस्ट डायअसिटाइल खाऊन टाकतं, लोण्याचा वास विरतो आणि त्या जागी सुकामेवा, ब्रेड असं काहीतरी येतं, तुमचं हेझलनट ते हेच. दुसरा आणि खरा फरक द्राक्षातच आहे. गरम सपाटीवरच्या द्राक्षात आंबटपणा आधीच कमी, त्यात मॅलिक गेलं की वाईनला कणाच उरत नाही, मग ओक आणि लोणी दोन्ही वर तरंगतात. डोंगरावरच्या द्राक्षात टार्टारिक अ‍ॅसिड (द्राक्षातलं दुसरं मुख्य आम्ल) भरपूर शिल्लक असतं, दाणे लहान, साल जास्त, एकरी उत्पादन अगदी थोडं, त्यामुळे तेवढा ओक वाईन पचवते. म्हणून मी नेहमी म्हणतो की ओकला शिव्या देऊ नका, ओकला तोलून धरेल असं द्राक्ष आहे का ते बघा.

आणखी एक, ते बाटली भरली की लगेच विकायला काढत नाहीत, बाटलीत मुरवून मगच बाहेर काढतात. छोट्या वाईनरीला पैसा असा अडकवून ठेवणं किती जड जातं ते मला रोज दिसतं, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्तच आदर आहे.

खाडीकाठी:

वा, दोघांचेही मनापासून आभार. मग ती दगडासारखी खारट धार, ती मातीतून येते का? आणि थंड हवामानाचं अजून कळलं नाही. २००० फूट म्हणजे साधारण ६०० मीटर, नाशिकही तेवढ्याच उंचीवर आहे ना, मग नाशिकला अशी शार्डोने का होत नाही?

निफाडकर:

हा प्रश्न माझा. आमची निफाड तालुक्यात बाग आहे, टेबल ग्रेप जास्त, थोडी वाईनची, आणि मुलाकडे सॅन होजेला आलो की मी या डोंगरातल्या बागा बघत फिरतो, एक शेतकरी म्हणून बघतो.

उंची सारखी आहे हे अगदी बरोबर पण उंचीने सगळं ठरत नाही, समुद्र बघा. आपल्या कोकणाशेजारचा अरबी समुद्र २७-२८ डिग्री, कोमट पाणी. इथे या डोंगरांपलीकडच्या सांताक्रूझच्या किनाऱ्याला उत्तरेकडून थंड प्रवाह येतो आणि खालचं गार पाणी वर येतं, भर उन्हाळ्यात पाणी १५ डिग्रीच्या आसपास, पाय घातला तर कळ येते. त्या पाण्यावरून येणारा वारा डोंगरावर चढतो. आपल्याकडे नाशिक २० अक्षांशावर आणि हे ३७ वर, म्हणजे उन्हाचा तिरपेपणा वेगळा, उन्हाळ्यातला दिवस लांब, आणि हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते. आपली वेल कधी झोपतच नाही. म्हणून तर आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी अशी दोनदा छाटतो आणि पीक घेतो जानेवारी ते मार्चमध्ये. त्यांच्याकडे वर्षाला एक छाटणी, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि सप्टेंबरच्या सुमारास काढणी. पावसाळा त्यांचा हिवाळ्यात, त्यामुळे द्राक्ष पिकताना डोक्यावर पाऊस नाही, डावणी रोगाची ती भीती नाही, आपल्या माणसाला याचा खरंच हेवा वाटावा.

आता धुक्याबद्दल. लोकांना वाटतं धुकं बागेवर येऊन बसतं म्हणून गार असतं. खाली व्हॅलीत तसं होतं, पण २००० फुटांवरची बाग पुष्कळदा धुक्याच्या वर असते. सकाळी वर उभं राहिलं की खाली पांढरा समुद्र आणि वर लख्ख ऊन. म्हणजे ऊन भरपूर पण हवा गार, दुपारचं तापमान सपाटीपेक्षा कमी, आणि रात्री गार हवा उताराने खाली वाहून जाते म्हणून पहाटेचा कडाका वर कमी जाणवतो. शार्डोनेचे डोळे लवकर फुटतात, तिला वसंतातल्या दवाच्या गोठण्याची धास्ती जास्त, उतारावर ती बरीच कमी होते. याचं दुसरं अंग म्हणजे फुलोऱ्यात गार वारा किंवा पाऊस आला की सेटिंग बिघडतं, मणी कमी धरतात. त्यात माती बघाल तर फुटलेला शेल (थराथरांचा ठिसूळ खडक), खडकाचे चुरे, वर पातळ थर. आपल्या काळ्या जमिनीतला माणूस म्हणेल इथे काय पिकणार, आणि खरंच थोडंच पिकतं. पण जे पिकतं त्यात साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा टिकतो, सगळा खेळ त्या हळूहळू मध्ये आहे.

नाशिकला कमी लेखू नका एवढं मात्र सांगतो. जानेवारीत आमच्या निफाडला पारा पाच-सहा डिग्रीपर्यंत उतरतो, नेमकं द्राक्ष पिकत असताना, त्या थंड रात्रींमुळेच नाशिकची शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ इतकी ताजी लागते. पण दुपारी ऊन चढतंच आणि गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत सगळं चार-साडेचार महिन्यांत उरकतं. शार्डोनेला मागे खेचणारी गोष्ट ती आहे. महाराष्ट्रात शार्डोने होते, अकलूजकडे फ्रातेली वाईनरीवाले इटालियन लोकांबरोबर मेहनतीने करतात आणि मला ती आवडते, पण तिचा स्वभाव फळाचा, पिकलेला, आणि ती त्या मातीची म्हणूनच प्यावी, या डोंगराशी तुलना करून नव्हे.

बॅरलवाला:

निफाडकर काका, हे वाचून मला परत बागेत जावंसं वाटलं. खारट धारेबद्दल: खडकातली खनिजं मुळातून चढून वाईनमध्ये चवीला लागतात असं विज्ञान मानत नाही. पण पातळ, नापीक माती वेलीला उपाशी ठेवते, रसातला आंबटपणा, यीस्टला मिळणारं नायट्रोजन हे सगळं बदलतं, आणि त्यातून काडेपेटीसारखे, गारगोटीसारखे वास तयार होतात. त्यामुळे चव खरी आहे, फक्त वाट वेगळी आहे.

रावस_पापलेट:

सगळे इतके अभ्यासू लिहितायत, मी जेवणाकडे वळते. मुंबईची, आता फ्रीमाँटला, आणि मासे हा माझा प्रांत.

पहिली गोष्ट, फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, साधारण १२-१३ डिग्रीला आली की तिचा वास उघडतो, बर्फगार दिली तर बाबांना फक्त आंबट पाणी लागेल आणि एवढी वाईन वाया. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या.

दुसरी, लाल तिखट आणि चिंच-कोकम घातलेलं झणझणीत कालवण तिच्याबरोबर नको. तिखटाने अल्कोहोल जळजळतं आणि कोकमाच्या आंबटपुढे वाईन पांचट होते. पापलेट हळद, मीठ, लिंबू आणि अगदी जरासं आलं-लसूण लावून रव्यात तळा, किंवा इथला हॅलिबट मिळाला तर तो नारळाच्या दुधात, हिरवी मिरची फक्त वासापुरती. खेकडा तर विचारूच नका, हिवाळ्यात डंजनेस क्रॅब मिळतो, नुसता उकडून तूप-लसणाबरोबर, तुमच्या आईबाबांच्या मुक्कामात मिळाला तर तेच करा. कोल्हापूरकडचा पांढरा रस्सा सौम्य करून दिला तर फार सुरेख जमतो, काजू-खसखस-नारळाचा तो जाडपणा आणि या वाईनचा आंबटपणा एकमेकांना सावरतात. आई शाकाहारी असतील तर सुरळीची वडी, मश्रूम, मक्याची उसळ. मोहरी-हिंगाची फोडणी चालते, गोडा मसाला मात्र मला तिच्यावर कुरघोडी करणारा वाटला.

पुणे_बावन्न:

एक वेगळा मुद्दा. या वाईन दहा-पंधरा वर्षं ठेवायच्या असतात असं सगळे म्हणतात, पण मला ताजी जास्त आवडली. जुनी झाली की फळ जातं आणि उरतो तो नुसता अक्रोड. पैसे देऊन इतकी वाट का पाहायची?

डोंगरवाट:

आवड तुमची, त्यावर वाद नाही. पण ठेवलेली डोंगरी वाईन काय करते त्याचं एक उदाहरण देते, शार्डोनेचं नाही, रेडचं आहे, पण याच डोंगररांगेतलं. १९७६ च्या पॅरिसच्या त्या प्रसिद्ध ब्लाइंड टेस्टिंगमध्ये, जिथे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन्स नाव न सांगता चाखल्या, कुपर्टिनोच्या वरच्या रिज नावाच्या वाईनरीची १९७१ सालची मॉन्टे बेलो रेड वाईन्समध्ये पाचवी आली होती. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच जुन्या रेड वाईन्स परत चाखल्या आणि ती पहिली आली. नाण्याची दुसरी बाजूही सांगते, १९७६ लाच व्हाईट वाईन्समध्ये सांताक्रूझ डोंगरातल्या डेव्हिड ब्रूस वाईनरीची शार्डोने शेवटची आली होती, म्हणजे डोंगर असला की सगळं उत्तमच असं नाही. माऊंट ईडनची मात्र मी तरुणही प्यायलेय आणि जुनीही, आणि आठव्या-दहाव्या वर्षी लिंबाची साल आणि सुकामेवा दोन्ही एकत्र सापडतात ती वेळ मला सगळ्यात आवडते. त्यापुढे नेणं तुमच्या साठवणुकीवर. सनीवेलच्या गॅरेजमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, घरातलं सगळ्यात गार, अंधारं कपाट बघा आणि बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहील.

खाडीकाठी:

काय प्रतिसाद आलेत! निफाडकर काकांचं थंड पाण्याचं वाचून शनिवारी सांताक्रूझला जाऊन खरंच पाय घालून बघणार आहे. आता शेवटचे दोन प्रश्न: बागेवर जाऊन घेता येते का, आणि बाबांना परत जाताना पुण्याला बाटल्या नेता येतील का?

डोंगरवाट:

जाता येतं, पण नापासारखं गाडी लावली आणि आत शिरलं असं नाही. आधी मेल करून वेळ घ्यावी लागते. रस्ता अरुंद आणि चढाचा आहे, आईंना वळणांचा त्रास होत असेल तर पुढच्या सीटवर बसवा. वर गेलात की सगळी सिलिकॉन व्हॅली पायाखाली दिसते, आपली ऑफिसंसुद्धा. इस्टेट महाग वाटली तर त्यांचीच डोमेन ईडन नावाची शार्डोने आहे, तीही याच डोंगरातल्या द्राक्षांची, बरीच स्वस्त आणि लवकर पिण्याजोगी. रोजच्या जेवणाला मी तीच आणते, इस्टेट बाबांसाठी.

पुणे_बावन्न:

कस्टम्सचं मी सांगतो, दरवर्षी करतो. भारतात उतरताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाईन ड्युटी न भरता नेता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे मर्यादेबाहेर. आई आणि बाबा दोघं आहेत म्हणजे चार बाटल्या बसतात, पण दोन त्यांच्या बॅगेत आणि दोन यांच्या अशा वेगवेगळ्या ठेवा. हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच, कपड्यांच्या मधोमध, आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आणि पुण्याला पोचल्यावर निदान दोन-तीन आठवडे उघडू नका म्हणावं, प्रवासात हललेली वाईन थोडी स्थिर होऊ द्यावी.

खाडीकाठी:

उत्तम. मेल टाकलाय वाईनरीला, नोव्हेंबरच्या एखाद्या शनिवारची वेळ मागितलीय. रावस_पापलेट, नारळाच्या दुधातल्या हॅलिबटचं प्रमाण जरा टाका ना, चार माणसांसाठी.